निऑन सोडला की शॉट कोसळतो: टोकामॅकवरच्या एका जुन्या तक्रारीचं निवारण

टोकामॅक म्हणजे तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवणारं, कड्याच्या आकाराचं यंत्र; त्यावरचा एकेक प्रयोग म्हणजे शॉट. तक्रार नेहमी साधारण अशीच येते. "निऑनचा पफ दिला. बोलोमीटर चढला, घनता चढली, डायामॅग्नेटिक लूपवर साठलेली ऊर्जाही वीस-तीस मिलिसेकंद वर गेली. मग सगळं एकदम खाली आलं आणि डिसरप्शन. पुढच्या शॉटला निऑन निम्मा केला, तर काहीच झालं नाही. थोडा वाढवला, पुन्हा डिसरप्शन. काय चुकतंय?" (पफ म्हणजे गॅसचा छोटा झोत. बोलोमीटर प्रारण मोजतो, डायामॅग्नेटिक लूप साठलेली ऊर्जा. डिसरप्शन म्हणजे प्लाझ्मा अचानक कोसळणं.)

एका लहान टोकामॅकच्या कंट्रोल रूममध्ये मी बऱ्याच शिफ्ट काढल्यात. विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी हा प्रश्न घेऊन येते. आम्हीही कधीकाळी तो घेऊन कुणाकडे तरी गेलो होतो. त्यावर मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: "निऑन जरा कमी करून बघा." माझा अनुभव असा की किती निऑन सोडला याची चर्चा आधी करायचीच नाही. तो प्लाझ्मात नेमका कुठे उजळतो, कधी पोहोचतो आणि काम झाल्यावर बाहेर जातो का, या तीन गोष्टी आधी बघायच्या. बहुतेक वेळा घोळ यातल्याच एखादीत सापडतो.

मुळात घाण मुद्दाम का टाकायची?

हे थोडक्यात सांगतो, कारण इथपर्यंत आलेल्यांना ते माहीत असतं. टोकामॅकवाल्यांचं निम्मं आयुष्य अशुद्धी काढण्यात जातं. भिंती तापवायच्या, भिंती साफ करायला ग्लो डिस्चार्ज द्यायचा, बोरॉनचा किंवा लिथियमचा लेप द्यायचा. तरीही १९८०च्या दशकात अमेरिकेत ओक रिजच्या आयएसएक्स-बी यंत्रावर निऑन सोडल्यावर बंदिस्ती, म्हणजे प्लाझ्मात ऊर्जा टिकून राहणं, बिघडायच्या ऐवजी सुधारलेली दिसली. त्या अवस्थेला झेड-मोड म्हणाले. पुढे १९९०च्या दशकात जर्मनीतल्या युलिखच्या टेक्स्टॉर यंत्रावर हेच काम नेटाने झालं. तिथे प्लाझ्मात घातलेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग, ९० टक्क्यांच्या आसपासपर्यंत, कडेच्या पातळ पट्ट्यातून प्रकाश होऊन निघून जायचा आणि तरीही ऊर्जा टिकण्याचा काळ एच-मोडच्या, म्हणजे चांगल्या बंदिस्तीच्या ओळखीच्या अवस्थेच्या, तोडीचा मिळायचा. तोही ग्रीनवाल्ड मर्यादेच्या, म्हणजे सहसा जिच्यापलीकडे घनता नेता येत नाही त्या मर्यादेच्या, आसपासच्या घनतेला. या अवस्थेचं नाव आरआय-मोड, म्हणजे प्रारणाने सुधारलेली (रेडिएटिव्ह इम्प्रूव्हड) अवस्था. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या भाट इथल्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेत आदित्य-यू यंत्रावरही निऑन पफचे प्रयोग झालेत.

सुधारणा होते ती अशी. प्लाझ्मातली उष्णता बाहेर वाहून नेणाऱ्या खळबळीचा एक मोठा प्रकार आयनांच्या तापमानाच्या उतारावर पोसला जातो. त्याला आयटीजी म्हणतात. निऑनसारखे जड आयन मिसळले की मूळ हायड्रोजन-ड्युटेरियम आयनांची संख्या विरळ होते आणि या खळबळीची वाढ मंदावते. त्यातून घनतेचा आलेख मध्यभागी टोकदार होतो आणि त्यानेही तीच खळबळ आणखी दबते. जोडीला विद्युतक्षेत्रामुळे होणारं फिरणं थराथराला वेगळं पडतं, भोवरे कातरले जातात. सॅन दिएगोच्या डीथ्री-डी यंत्रावर निऑन सोडल्यावर खळबळ खरोखर कमी झालेली थेट मोजली गेली आहे. एवढी पार्श्वभूमी पुरे. आता दुरुस्तीकडे.

आधी नळी बघा

हसू नका. मी ज्या पहिल्या प्रकरणात हात घातला, त्यात दोष प्लाझ्माचा नव्हताच. शॉट जेमतेम दोनशे मिलिसेकंदांचा. गॅस सोडणाऱ्या पीझो व्हॉल्व्हला आदेश ६० मिलिसेकंदाला. प्रारण चढायला लागलं ऐंशीच्याही पुढे. आम्हाला वाटलं गॅस कमी पडला, म्हणून पुढच्या शॉटला पल्सची रुंदी दुप्पट केली. प्रारण पुन्हा उशिराच चढलं, पण आता थांबेचना. व्हॉल्व्ह बंद होऊन तीस मिलिसेकंद झाले तरी चढतच राहिलं, मग कोसळलं.

व्हॉल्व्ह आणि पात्र यांच्या मध्ये साधारण अर्ध्या मीटरची, बोटाएवढी जाड नळी होती. कुठल्यातरी जुन्या डायग्नोस्टिकला जागा द्यायची म्हणून व्हॉल्व्ह मागे सरकवलेला. हायड्रोजनला ती नळी पार करायला सात-आठ मिलिसेकंद लागायचे, ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. निऑनचा अणू हायड्रोजनच्या रेणूच्या दहापट जड, त्यामुळे त्याच तापमानाला त्याचा वेग सुमारे तीनपट कमी: हायड्रोजन सेकंदाला पावणेदोन-एक हजार मीटर, निऑन साडेपाचशेच्या जरा वर. नळीतून झिरपायला त्याला वीसहून जास्त मिलिसेकंद लागतात. शिवाय व्हॉल्व्ह बंद झाल्यावर नळीत अडकलेला गॅस आत येतच राहतो. आम्ही ज्याला "प्लाझ्माचा प्रतिसाद" म्हणत होतो, तो नळीचा प्रतिसाद होता. व्हॉल्व्ह पोर्टला चिकटवून बसवला आणि अर्धी तक्रार तिथेच मिटली.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशनची. व्हॉल्व्ह हायड्रोजनवर कॅलिब्रेट केलेला असतो आणि तोच तक्ता निऑनला वापरतात. तसं करू नका. प्लाझ्मा न पेटवता, पंपाचा गेट बंद करून, तोच पल्स निऑनने द्या आणि पात्रातला दाब किती वाढतो ते बघा. आता इथे आणखी एक खड्डा आहे. दाब मोजणारा आयन गेज नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला असतो आणि निऑनला त्याची संवेदनशीलता नायट्रोजनच्या साधारण ०.३ पटच असते. म्हणजे गेजवर जो आकडा दिसतो त्याच्या तिप्पटीहून जास्त निऑन आत असतो. "आम्ही अगदी थोडा सोडला होता" असं शपथेवर सांगणारे बरेच जण हा भागाकार विसरलेले असतात. कपॅसिटन्स मॅनोमीटर असेल तर तो वापरा. त्याला गॅस कुठला आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

मुळात किती लागतो याचा अंदाज असला की चुका लवकर दिसतात. आदित्य-यू च्या मापाचं यंत्र घ्या: मोठी त्रिज्या ०.७५ मीटर, लहान ०.२५. प्लाझ्माचं आकारमान एक घनमीटरला थोडं कमी. घनता दर घनमीटरला ३ × १० चा १९वा घात धरली, तर एकूण इलेक्ट्रॉन पावणेतीन × १० चा १९वा घात. त्याच्या एक टक्का निऑन म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाला एका घन सेंटिमीटरचा जवळपास शंभरावा भाग. पाण्याच्या थेंबापेक्षाही लहान बुडबुडा. सोडलेला सगळा निऑन प्लाझ्मात शिरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा जास्त लागतो, पण कितीपट जास्त हे तुमच्या कॅलिब्रेशनवरून काढता आलं पाहिजे. पन्नासपट येत असेल तर कॅलिब्रेशनच चुकलंय असं आधी धरा.

मग प्रकाश कुठून येतोय ते बघा

आरआय-मोडचा सगळा खेळ कडेच्या पट्ट्यावर आहे. निऑनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन निघून सात धनभारांच्या अवस्थेत तो आला की त्याची ७७ आणि ७८ नॅनोमीटरची जोडरेषा जोरात उजळते. हे काही दहा इलेक्ट्रॉनव्होल्टपासून (प्लाझ्माचं तापमान याच एककात सांगतात) शंभर-सव्वाशे इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या तापमानाच्या प्रदेशात घडतं. त्यापेक्षा गरम भागात निऑन जवळजवळ नागडा होतो आणि फारसा उजळत नाही. टेक्स्टॉरसारख्या यंत्रात मध्याचं तापमान एक हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि त्यावर जाई, म्हणून हा उजळणारा प्रदेश कडेला काही सेंटिमीटरांचा पट्टा होऊन बसायचा.

लहान यंत्रात मध्याचंच तापमान अडीच-तीनशे इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर? मग निऑनसाठी "कड" म्हणजे अर्धी त्रिज्या. प्रकाश पट्ट्यातून न येता आतपर्यंतच्या जाड गराड्यातून येतो, गाभा थंड पडतो, थंड पडल्यामुळे आणखी आतपर्यंत उजळतो. तुमचा शॉट कोसळण्याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. प्रवाह अजून चढत असताना, म्हणजे प्लाझ्मा पुरता तापायच्या आत निऑन सोडणं ही त्याचीच एक आवृत्ती. उपाय सरळ आहे. प्रवाहाचा सपाट भाग येऊ द्या, शक्य असेल तर प्रवाह वाढवा किंवा बाहेरून तापवा, आणि मगच निऑन द्या. तो २० मिलिसेकंद पुढे ढकलल्याने, मात्रा न बदलता, शॉट टिकलेला मी स्वतः पाहिलाय.

प्रकाश कुठून येतो हे सांगायला बोलोमीटर असतात, पण तेही फसवतात. एएक्सयूव्ही डायोड (अतिनील प्रकाश आणि क्ष-किरण टिपणारे संवेदक) वेगवान आणि स्वस्त म्हणून सगळे वापरतात. त्यांचा प्रतिसाद सपाट असतो तो साधारण २५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या फोटॉनला. निऑनच्या त्या ७७ नॅनोमीटरच्या रेषेचा फोटॉन १६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. म्हणजे ज्या प्रकाशासाठी हा सगळा खटाटोप, नेमका तोच तुमचा डायोड कमी मोजतो आणि आतून येणारा कडक प्रकाश पुरेपूर मोजतो. पडद्यावर प्रारण "आतून" येतंय असं दिसतं. फॉइल बोलोमीटर (प्रारणाने तापणाऱ्या पातळ पत्र्याचा) हा भेद करत नाही, पण तो सावकाश असतो आणि उदासीन कणांचीही ऊर्जा प्रारण म्हणून मोजतो. दोन्ही असतील तर दोन्ही बघा. एकच असेल तर त्याची खोड लक्षात ठेवून बघा.

आणि बोलोमीटर गॅसच्याच पोर्टला बसवलेला असेल तर त्याच्या आकड्याला टोरसच्या, म्हणजे कड्यासारख्या पात्राच्या, घेराने गुणून "७० टक्के प्रारण" असं लिहू नका. त्याला व्हॉल्व्हच्या तोंडासमोरचा ढग दिसतोय. समोरच्या बाजूच्या पोर्टवर तोच आकडा खूप खाली असू शकतो. दृश्य प्रकाशातली निऑनची ६४०.२ नॅनोमीटरची लालसर रेषाही तशीच. ती आत किती येतंय ते सांगते, आत किती आहे ते सांगत नाही.

कॅमेरा असेल तर आतल्या बाजूची, म्हणजे टोरसच्या मधल्या खांबाकडची कड निरखून बघा. तिथे एक तेजस्वी कडं दिसलं आणि ते वरखाली सरकत असलं, तर तो मार्फ. थंड आणि दाट झालेला, स्वतःच्याच प्रारणाने आणखी थंड आणि आणखी दाट होत जाणारा पट्टा. मार्फ दिसला की निऑनचं गणित संपलं. आता कडेची घनता कमी करा, निऑन तर वाढवूच नका. पट्टा फुगून आत सरकला की प्रवाहाचा आलेख आक्रसतो, मिरनॉव्ह कॉइलवर (चुंबकीय हेलकावे टिपणाऱ्या वेटोळ्यांवर) दोनास-एकचा मोड, म्हणजे प्लाझ्मातली एक पिळदार चुंबकीय लाट, वाढताना दिसतो, त्याचं फिरणं मंदावतं, तो अडकतो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोड मंदावण्याच्या आधीचे दहा-वीस मिलिसेकंद कॅमेऱ्याच्या फ्रेम काढून बघायची सवय लावून घ्या. डिसरप्शनचा क्षण बघण्यात बहुतेकांचा वेळ जातो. त्या क्षणी शिकण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

याला लागूनच एक किरकोळ वाटणारी बाब: जागा. कड थंड झाली, दाब बदलला की प्लाझ्माचा स्तंभ एखादा सेंटिमीटर आत सरकतो. उभं चुंबकीय क्षेत्र आधीच ठरवलेल्या आलेखाने चालत असेल, त्याला जागेचा फीडबॅक नसेल, तर स्तंभ आतल्या लिमिटरवर (प्लाझ्माची कड अडवणाऱ्या भागावर) टेकतो, तिथून कार्बन सुटतो आणि आपण खापर निऑनवर फोडतो. कार्बनची रेषा निऑनच्या आधी चढली की नंतर, एवढं बघितलं तरी उलगडा होतो.

निऑन जातच नाही

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. हायड्रोजन भिंतीत मुरतो. टायटॅनियमचा गेटर त्याला शोषतो, बोरॉन आणि लिथियमचे लेप त्याला धरतात. म्हणून व्हॉल्व्ह बंद केला की घनता उतरते आणि आपल्याला वाटतं की नियंत्रण आपल्या हातात आहे. निऑन निष्क्रिय वायू. तो कशालाही चिकटत नाही. भिंतीवर आपटतो आणि जसाच्या तसा परत येतो. त्याला बाहेर जायला एकच वाट आहे, पंपाची, आणि लहान यंत्रातल्या टर्बो पंपाला गॅस उपसायला लागणारा वेळ शॉटच्या वेळेपेक्षा कितीतरी मोठा असतो. थोडक्यात, शॉट चालू असेपर्यंत सोडलेला निऑन आतच राहतो. मोरी तुंबलेल्या न्हाणीघरात नळ थोडाच सोडला म्हणून पाणी कमी साचत नाही.

म्हणूनच "निम्मा केला तर काही नाही, थोडा वाढवला तर कोसळला" असं होतं. रुंद पल्सने सोडलेला निऑन पूर्ण शॉटभर साठत जातो आणि शेवटी कधीतरी मर्यादा ओलांडतो. मात्रा कमी केली की ती मर्यादा शॉट संपेपर्यंत गाठलीच जात नाही, पण हवा तो परिणामही शॉटच्या अखेरीलाच दिसतो, तेव्हा कुणी बघत नसतं. करायचं ते उलट: एक लहान, आखूड पफ लवकर द्यायचा, हवी ती पातळी एकदाच गाठायची आणि मग हात काढून घ्यायचा. पुन्हापुन्हा पफ देण्याची हौस फक्त पंपिंग असलेल्यांनी करावी.

टेक्स्टॉरकडे ते होतं. त्यांचा एएलटी-टू हा पट्ट्यासारखा, टोरसभर फिरणारा लिमिटर पंपाला जोडलेला होता, त्यामुळे निऑन सतत बाहेर खेचता यायचा. त्यांनी निऑनच्या त्याच सात धनभारांच्या रेषेची तीव्रता बघून व्हॉल्व्हला फीडबॅक दिला आणि प्रारणाची पातळी कित्येक सेकंद धरून ठेवली. हा फीडबॅक वाचून आपल्याही यंत्रावर तो लावायचा मोह होतो. पंप नसेल तर असा फीडबॅक म्हणजे फक्त ॲक्सिलरेटर असलेली, ब्रेक नसलेली गाडी. तो वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही.

आदल्या शॉटचा निऑनही विसरू नका. दोन शॉटांमध्ये पुरेसा वेळ नसेल, किंवा मधला ग्लो डिस्चार्ज वगळला असेल, तर पुढच्या "शुद्ध" शॉटमध्ये निऑनची रेषा दिसतेच. तुलनेसाठी घेतलेला शॉट खरंच शुद्ध होता का, हे अवशिष्ट वायू विश्लेषकावर वस्तुमान २० बघून ठरवा. आणि त्या २० वर पाणी आणि दुहेरी भाराचा आर्गॉनही डोकावतात, म्हणून निऑनचाच दुसरा समस्थानिक असलेलं २२ देखील बघा. नैसर्गिक निऑनमध्ये त्याचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास असतो. वीसची रेघ मोठी आणि बावीसवर काहीच नाही असं दिसलं तर ते निऑन नव्हेच.

घनता वाढली पण बंदिस्ती नाही

हा तक्रारीचा दुसरा अवतार. प्लाझ्मा कोसळत नाही, घनता छान वाढते, पण ऊर्जा टिकण्याचा काळ जागचा हलत नाही किंवा उतरतो. इथे निऑनला सोडा आणि हायड्रोजनच्या व्हॉल्व्हकडे बघा. आरआय-मोडमध्ये घनतेबरोबर बंदिस्ती वाढते हे खरं, पण ती घनता कशी वाढवली यावर सगळं अवलंबून आहे. टेक्स्टॉरवर जोरात इंधन-गॅस पफ केला की सुधारलेली बंदिस्ती पुन्हा घसरायची. हळूहळू, हलक्या हाताने पफ केला तर ग्रीनवाल्ड मर्यादेच्या वर जाऊनही ती टिकायची. जोराच्या पफने कड फुगते, घनतेचा टोकदारपणा जातो, आणि आयटीजीला दाबणारी गोष्टच नाहीशी होते.

ग्रीनवाल्ड मर्यादा आधी काढून ठेवा. प्रवाह मेगॅम्पियरमध्ये, भागिले पाय गुणिले लहान त्रिज्येचा वर्ग. उत्तर १० च्या २०व्या घातात, दर घनमीटरला. वरच्याच मापाच्या यंत्रात दीडशे किलोॲम्पियरला ती साधारण ७.६ × १० चा १९वा घात येते. तुमची घनता तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर असेल तर खरं तर निऑनची गरजच नाही. त्या भागात घनतेबरोबर बंदिस्ती आपसूक वाढते. ती वाढ जिथे थांबते, तिथून पुढे ती वाढत ठेवणं हे निऑनचं काम. म्हणून कमी घनतेला निऑन सोडून "फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी घनता वाढवायला सांगतो, आणि कमी घनतेला निऑन सोडून "फरक पडला" म्हणणाऱ्यांना तेवढ्याच घनतेचा निऑनविना शॉट मागतो.

सुधारणा कागदावरची तर नाही?

हे तपासताना बऱ्याच जणांची तोंडं उतरतात. निऑनने प्लाझ्माचा रोध वाढतो, तोच प्रवाह ढकलायला लूप व्होल्टेज (प्लाझ्माच्या कड्याभोवतीचा विद्युतदाब) जास्त लागतो. समजा १०० किलोॲम्पियरला व्होल्टेज दोनाचा तीन झाला. ओहमिक शक्ती, म्हणजे या प्रवाहामुळेच होणारं तापवणं, २०० वरून ३०० किलोवॅट. साठलेली ऊर्जा २ किलोज्यूलवरून २.६ झाली. आलेख ३० टक्के वर, सगळे खूश. पण ऊर्जा टिकण्याचा काळ १० मिलिसेकंदांवरून ८.७ वर उतरला. बंदिस्ती बिघडली!

याच्या उलट चूक म्हणजे भागताना शक्तीतून प्रारण वजा करणं. "ती ऊर्जा तर प्रकाशातून गेली, वाहून नाही गेली" हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. मग ७० टक्के प्रारण असलेल्या कुठल्याही मरतुकड्या शॉटचा काळ तिपटीने वाढलेला दिसतो. आरआय-मोडचे आकडे असे काढलेले नाहीत. आत घातलेली शक्ती, त्यातून ऊर्जा बदलण्याचा दर वजा, बस्स. तसं करूनही सुधारणा दिसली तरच ती सुधारणा.

गाभा घाण होत असेल

निऑनचं प्रमाण इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा एक टक्का झालं तर शंभर इलेक्ट्रॉनांपैकी दहा निऑनचे असतात, म्हणजे इंधनाचे आयन नव्वदच उरले. सरासरी भाराचा आकडा, झेड-इफेक्टिव्ह, १ वरून १.९ होतो. आपल्यासारख्यांच्या यंत्रात एवढं चालतं. पण ज्यांना खरोखर संलयन करायचंय त्यांच्यासाठी इंधन नव्वद टक्क्यांवर आलं की संलयनाची शक्ती, घनतेच्या वर्गाच्या हिशेबाने, ८१ टक्क्यांवर येते. म्हणून मोठ्या यंत्रांत हा व्यवहार फार काटकसरीने करतात. आर्गॉनचा ०.३ टक्का झेड-इफेक्टिव्ह तेवढाच चढवतो, पण इंधन साडेपाच टक्केच विरळ करतो. मग आर्गॉनच का नको? कारण तो जास्त आतून उजळतो. लहान यंत्रात त्याला कडेला ठेवणं निऑनपेक्षाही अवघड. नायट्रोजन बरोबर उलट, अगदी थंड कडेला उजळतो, पण तो भिंतीला चिकटतो आणि हायड्रोजनशी मिळून अमोनिया करतो.

घनतेचा आलेख टोकदार होणं जसं उपकारक, तसंच ते धोक्याचंही, कारण जड अशुद्धी त्या उताराने आत ओढल्या जातात. सॉटूथ, म्हणजे गाभ्यातली ती नियमित झडझड, घाण बाहेर झाडत असते. निऑननंतर सॉटूथ बंद झाले आणि मऊ क्ष-किरणांचा मधला चॅनेल शांतपणे चढत राहिला, तर घाण साठतेय. मध्यभागी तापवणं हा त्यावरचा सिद्ध उपाय. जर्मनीतल्याच गार्शिंगच्या अ‍ॅस्डेक्स अपग्रेडवर, २००७ पासून आतून पूर्ण टंगस्टनचं असलेल्या यंत्रावर, टंगस्टन गाभ्यात साचू नये म्हणून मायक्रोवेव्ह नेमके मध्यभागी देतात. तिथे दुसरीही अडचण आहे: जड सीडिंग (मुद्दाम सोडलेला) वायू स्वतःच टंगस्टनवर आपटून त्याचे अणू उडवतो. कड पुरेशी थंड झाली तर हे थांबतं, अर्धवट थंड झाली तर वाढतं. म्हणजे थोडासा निऑन सोडणं हे काही वेळा अजिबात न सोडण्यापेक्षा वाईट.

जेटची गोष्टही इथे आठवते. इंग्लंडमधल्या कलहमच्या या यंत्रात २०११च्या सुमारास कार्बन काढून बेरिलियम आणि टंगस्टन बसवलं, आणि बंदिस्ती खाली आली. कार्बन जी प्रारणाची चाकरी निमूट करत होता ती करणारं आता कुणी नव्हतं. नायट्रोजन सोडल्यावर गेलेल्यापैकी बरीच बंदिस्ती परत आली. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या महाकाय टोकामॅकला हे टाळता येणार नाही. १०० मेगावॅट संलयनातून निघणाऱ्या अल्फा कणांची आणि ५० बाहेरून घातलेली, अशी १५० मेगावॅट शक्ती बाहेर पडणार आणि डायव्हर्टरच्या, म्हणजे ही उष्णता जिथे आदळते त्या भागाच्या, फरशा सतत सोसू शकतात ती दर चौरस मीटरला १० मेगावॅटच्या आसपास. उरलेल्याचा प्रकाशच करावा लागणार.

माझा शिफ्टवरचा क्रम

कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. सकाळी आधी कोरड्या पात्रात, प्लाझ्माविना, तीन पफ. दाब आणि उशीर वहीत. मग निऑनविना दोन शॉट, ज्या घनतेला निऑननंतर पोहोचायचंय त्याच घनतेचे. मग सपाट भागात, आखूड, एकच पफ. चढवायची ती पल्सची रुंदी, दर शॉटला थोडी, आणि हायड्रोजनच्या व्हॉल्व्हला त्या दिवसापुरता हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की संध्याकाळी काहीच सांगता येत नाही. दर शॉटनंतर कॅमेरा, लूप व्होल्टेज, मऊ क्ष-किरणांचा मधला चॅनेल, याच क्रमाने. ऊर्जेचा आलेख सगळ्यात शेवटी, कारण तो आधी बघितला की बाकीच्यांकडे लक्षच जात नाही.

आमच्या त्या नळीच्या प्रकरणात व्हॉल्व्ह हलवल्यानंतरचा चौथा शॉट असा निघाला: ८० मिलिसेकंदाला आदेश, दोन-तीन मिलिसेकंदांत कडेचे चॅनेल वर, मधला जागच्या जागी, लूप व्होल्टेज किंचित वर आणि मग स्थिर, घनता हायड्रोजनच्या पफविना चढलेली. प्रवाह शेवटपर्यंत. वहीत त्या शॉटसमोर शिफ्ट इनचार्जनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "नळी कुणी लांब केली होती?"